चित्र हललं का?

रंगभूमीवर मी बहुतेक नाटकांत राणी होते आणि बहुतेक नाटकांत विष पिऊन मेले. माझ्या मरणावर पडदा पडला की त्यामागे सुतारमंडळी महाल पाडून जंगल उभं करायला धावायची. ते जंगल एकदाही वेळेवर उभं राहिलं नाही. कधी झाड उलटं लागायचं, कधी नदी महालातच अडकून बसायची. प्रेक्षक खुर्च्या वाजवू लागले की आमच्या कंपनीचे मालक अंधारात हात घालायचे, एका हडकुळ्या माणसाचं मनगट धरायचे आणि त्याला पडद्याच्या फटीतून बाहेर ढकलायचे.

"जा, बोल काहीतरी. जंगल उगवेपर्यंत बोल."

आणि तो बोलायचा. मी पडद्यामागे मेलेल्या अवस्थेतच ऐकत राहायचे. मालक येऊन दटावायचे, "राणीसाहेब, मेलात ना? मग पोट का हलतंय?"

कंपनीत त्याचं खरं काम तलवारी, मुकुट आणि विषाचे पेले सांभाळण्याचं. पुढे अख्ख्या मुलखानं ज्यांना व्यत्ययराव म्हणून डोक्यावर घेतलं, ते हेच.

कंपनी बुडाली तेव्हा आम्ही चहूकडे पांगलो. माझं राज्य गेलं, मी मुलींना गाणं शिकवू लागले. रावांना नव्यानंच निघालेल्या टेलिव्हिजन केंद्रात नोकरी लागली, ती टेबलखुर्च्या उचलण्याची. त्या काळी टेलिव्हिजनवर बरंचसं थेट जायचं आणि जे थेट नसायचं ते फिल्मच्या रिळावर असायचं. रीळ तुटलं की पडद्यावर फुलदाणीचं चित्र असलेली एक पाटी यायची: व्यत्ययाबद्दल क्षमस्व. घरोघरी लोक त्या फुलदाणीकडे पाहत बसायचे. दुसरं करणार काय?

एका संध्याकाळी मधमाश्यांवरच्या माहितीपटाचं रीळ तुटलं, ते अगदी वाईट तुटलं. फुलदाणी लावली. लोक कंटाळले. निवेदिकाबाईंना नेमकी उचकी लागली होती. केंद्रातले मोठे साहेब घामाघूम होऊन स्टुडिओत आले, तर समोर एकच माणूस, हातात मोडकी खुर्ची घेऊन दाराकडे निघालेला. साहेबांनी मनगट धरलं.

"तुम्ही नाटकात होता ना? उभे राहा इथं. बोला काहीतरी."

मी ते शेजाऱ्यांच्या घरी, दाराजवळ, चपलांच्या ढिगाला टेकून पाहिलं. फुलदाणी गेली आणि तिच्या जागी आमचा विषाच्या पेल्यांचा राखणदार उभा राहिला, हातात तीन पायांची खुर्ची. समोर प्रेक्षक नाहीत. अंधार, दिवे, आणि कॅमेऱ्यामागे एकच माणूस. नटाला तोंड लागतं समोर, कुणाचं तरी. रावांनी ते एकच तोंड धरलं आणि त्याच्याशी बोलायला लागले.

"ही खुर्ची एका साहेबांची. साहेब बदलत गेले, खुर्ची तीच. पण प्रत्येक साहेब बदली होताना हिची आठवण म्हणून काहीतरी घेऊन गेले. पहिल्यांनी गादी नेली. दुसऱ्यांनी हात नेले. तिसरे जरा हावरट, त्यांनी पाय न्यायला सुरुवात केली. आताचे साहेब दिवसभर उभे असतात. लोक म्हणतात, वा! काय कष्टाळू माणूस!"

एवढं बोलून ते साहेबी तोऱ्यात खुर्चीवर बसायला गेले. खुर्ची एका बाजूला चालली, राव दुसऱ्या बाजूला, आणि चेहरा मात्र सहीसाठी कागद मागणाऱ्या माणसाचा. आणि त्या क्षणी आमच्या शेजाऱ्यांचा टेलिव्हिजन थरथरला. म्हणजे यंत्र नाही हो, आतलं चित्र. राव, खुर्ची, मागची भिंत, सगळं गदागदा हललं. शेजारीणबाई ओरडल्या, "अगंबाई, भूकंप!"

भूकंप नव्हता. कॅमेरामन हसला होता.

तेवढ्यात रीळ जोडलं गेलं आणि मधमाश्या परत आल्या. पण त्यांच्याकडे कोण बघतंय? केंद्राचा फोन वाजत राहिला: त्या खुर्चीचं पुढं काय झालं?

आता या कॅमेरामनबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धीच. केंद्रात त्याला सगळे खांब म्हणत. उंच, ताठ आणि चेहऱ्यावर रेघ हलेल तर शपथ. डोक्यावर दोन्ही कान झाकणारे हेडफोन, हात कॅमेऱ्याच्या दांड्यावर. चित्र हलू न देणं हा त्याचा धर्म. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा भ्रष्ट झाला आणि साहेबांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली. खांब एवढंच म्हणाला, "पुन्हा होणार नाही."

रावांना हे कळलं आणि त्यांना आयुष्याचं काम सापडलं.

त्यानंतर रीळ तुटो, वक्ते उशिरा येवोत, फुटबॉलच्या मैदानात वीज जावो, फुलदाणीच्या आधी राव यायचे. खांबाला हसवायचं, बस. खांब दातओठ खाऊन उभा. घरोघरी लोक विनोद ऐकायचे ते ऐकायचेच, पण डोळे चित्राच्या कडेवर. कड जरा थरथरली की घरात टाळ्या. कुणी चांगला विनोद केला की लोक विचारू लागले, "चित्र हललं का?" फुसका केला तर, "नाही बुवा, चित्र काही हललं नाही." माझ्या शिकवणीतल्या मुली बेसूर गायच्या आणि मलाच म्हणायच्या, "बाई, चित्र हललं वाटतं!"

मग केंद्रानं रावांना स्वतःचा कार्यक्रम दिला. लिहिलेली संहिता, मखमली कोट, अर्धा तास. साफ पडला. मी सांत्वनाला गेले तर राव म्हणाले, "राणीसाहेब, तो वेळ माझा होता हो. मला माझ्या वेळेत काही सुचत नाही. मला दुसऱ्याच्या वेळेत घुसायची सवय." शेवटी साहेबांनीच तोड काढली. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'तोवर'. बातम्यांच्या आधी राव उभे राहायचे आणि बातम्या तयार झाल्या की त्यांना वाक्याच्या मध्यात तोडायचे. कधी तोडणार ते त्यांना सांगायचं नाही. हा कार्यक्रम इतकी वर्षं चालला की तो पाहून हसलेली मुलं आपापल्या मुलांना घेऊन तो पाहायला बसू लागली.

आणि या सगळ्या काळात राव आणि खांब यांनी एकत्र कपभर चहासुद्धा घेतला नाही. कॅन्टीनमध्ये एक या टोकाला, एक त्या टोकाला. "अहोजाहो" आणि "नमस्कार" यापलीकडे शब्द नाही. लोकांना वाटायचं भांडण आहे. मी एकदा रावांना छेडलं.

"अहो, ज्या माणसाच्या जिवावर जगता, त्याला चहा तरी पाजा!"

"छे छे! ओळख वाढली की तो भिडेखातर हसेल. मग मला कळायचं कसं, विनोद चांगला झाला की माणूस चांगला आहे ते?"

घरी या माणसाचा सगळा ओघ आटलेला. वहिनी, म्हणजे रावांची बायको, माझी जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणायची, "लोक मला विचारतात, तुमचं घर म्हणजे काय, सारखा हशा! त्यांना काय सांगू? घरी म्हणजे बंद पडलेला रेडिओ. थोपटला तर जरा खरखरतो." पण असं म्हणताना तिच्या डोळ्यांत एक मिस्कील काहीतरी चमकायचं. ते मला फार उशिरा उलगडलं.

खांब निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्याला बोला म्हटलं तर म्हणाला, "इतकी वर्षं नाही बोललो, आता कशाला बिघडवू?" त्याच्यानंतर आलेल्या कॅमेरामनचे हात पहिल्याच दिवसापासून थरथरत, रावांनी तोंड उघडायच्या आधीच हसायचा तो पोरगेला माणूस. राव म्हणाले, "याला मी कुठं हसवतोय? हा घरूनच हसत येतो." महिन्याभरात त्यांनी 'तोवर' बंद केलं. लोक हळहळले. राव बागेतल्या बाकावर बसू लागले.

बरीच वर्षं गेली. राव ऐंशीच्या घरात पोचले. केंद्राची नवी इमारत झाली आणि तिथल्या निर्मातीबाई वहिनीच्या घरी आल्या. हुशार, लाघवी बाई. त्यांचं बालपण 'तोवर' बघण्यात गेलेलं. नव्या स्टुडिओतला पहिला कार्यक्रम रावांचा हवा होता. थेट, अर्धा तास.

बंद रेडिओ पटकन म्हणाला, "हो."

तालमीला मी आणि वहिनी सोबत गेलो. स्टुडिओ म्हणजे पांढराशुभ्र दवाखाना. तीन कॅमेरे आपापल्या खांद्यावर माना वळवत होते, आणि त्यांच्यामागे कुणीही नाही. माणसं सगळी काचेपलीकडच्या खोलीत, बटणांसमोर. रावांच्या कॉलरला माशीएवढा मायक्रोफोन, जमिनीवर एक चिकटपट्टी. "या खुणेवरच उभं राहायचं हं, काका. कॅमेऱ्यांना तुमची जागा शिकवलीय."

राव खुणेवर उभे राहिले. पहिलं वाक्य बोलले. दुसरं बोलले. मग त्यांची नजर तोंड शोधू लागली. या कॅमेऱ्यामागे, त्या कॅमेऱ्यामागे. कॅमेरे आज्ञाधारकपणे त्यांच्याकडे बघत राहिले. राव थांबले. मी रंगभूमीवर पुष्कळ मरणं पाहिलीत, स्वतःचीच जास्त. पण उभ्या माणसाचा आवाज असा तुटताना पाहिला नव्हता.

निर्मातीबाई धावत आल्या. "काका, काही हरकत नाही! आपण आधी चित्रीकरण करून ठेवू, मागून हशा घालू. नाहीतर जुन्या फिती आहेतच. तुम्ही नुसते बसा, आम्ही तुमचे जुने प्रसंग दाखवतो. लोक फुलं घेऊन येतील."

"म्हणजे मी मेल्यावर करणार तेच ना?" राव म्हणाले. "मग थोडं थांबा की. तोवर."

बाईंचा चेहरा पडला. बिचारीच्या मनात तसं काही नव्हतं. ठरलं असं: उद्या संध्याकाळी राव उभे राहतील तर थेट, नाहीतर जुन्या फिती. घरी परतताना राव गाडीच्या काचेतून बाहेर बघत होते. म्हणाले, "वाईट वाटायचं ते एवढंच, की लोक म्हणतील हा माणूस फितीतच बरा होता."

वहिनीनं माझा हात दाबला. तिला जे सुचलं तेच मला सुचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी खांबाच्या घरी जाऊन थडकलो.

खांब तसाच ताठ, फक्त गुडघे कुरकुरणारे आणि कानात ऐकण्याचं यंत्र. त्याच्या बायकोनं दार उघडलं, दारातच आमचं म्हणणं ऐकलं आणि आतल्या बाजूला हाक दिली, "अहो, व्यत्ययराव अडचणीत आहेत!"

"कोण पडलं?"

"पडलं नाही कुणी! पडतील! तुम्ही जायचंय!"

आम्ही पुन्हा सगळं नीट सांगितलं. खांबानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मी हसायला म्हणून येणार नाही."

"नका हसू," वहिनी म्हणाली. "हसू नका म्हणूनच या."

त्यावर तो उठला आणि कपाटातून कामावरचा जुना निळा डगला काढला. "कामावर येईन," म्हणाला. डगल्याचं एक बटण तुटलं होतं. त्याची बायको सुईदोरा घेऊन तो अंगावर असतानाच टाके घालू लागली.

निर्मातीबाईंनी त्यांच्या तंत्रज्ञांचा विरोध पत्करून एक कॅमेरा यंत्रावरून उतरवला, जुन्या चाकांच्या स्टँडवर चढवला आणि दांडा खांबाच्या हातात दिला. रावांनी स्टुडिओत पाऊल टाकलं, खांबाला पाहिलं.

"नमस्कार," राव म्हणाले.

"नमस्कार," खांब म्हणाला. संपलं बोलणं.

आता नेमका घोळ झाला तो इथे. कॅमेऱ्यावरच्या माणसाला हेडफोन लावावे लागतात, निर्मात्याच्या सूचना त्यातूनच येतात. खांबानं ते कानातल्या यंत्रावर चढवले आणि यंत्र शिट्टी मारायला लागलं. अशी, की काचेपलीकडे आम्हीही कान झाकले. ध्वनी सांभाळणारा म्हणाला, "काका, ते कानातलं काढा बुवा." खांब शिस्तीचा माणूस. यंत्र काढलं, डगल्याच्या वरच्या खिशात टाकलं, हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला. बाईंच्या सूचना त्याला खणखणीत येऊ लागल्या. समोरच्या माणसाचं अक्षरही ऐकू येणार नव्हतं. पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. कामाला त्याची गरजच कुठं होती?

लाल दिवा लागला. मी आणि वहिनी काचेपलीकडे, बटणवाल्यांच्या मागे, जीव मुठीत धरून.

राव खुणेवर उभे होते, पाय पट्टीला चिकटवल्यासारखे, हात पँटच्या शिवणीवर. विनोद चांगले होते. नव्या इमारतीवर होते, म्हातारपणावर होते. "पूर्वी माझं नाव ऐकून लोक हसायचे, आता माझं वय ऐकून टाळ्या वाजवतात." आम्ही हसलो. बटणवाले हसले. आमच्या समोरच्या पडद्यांपैकी दोन नंबरच्या चौकोनातलं, म्हणजे खांबाच्या कॅमेऱ्यातलं चित्र मात्र दगडी. रावांनी गती वाढवली. दगड. आवाज चढवला. दगड. त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

मग एका वाक्याच्या मधोमध राव गप्प झाले. त्यांची नजर खांबाच्या खिशावर गेली होती. वरच्या खिशातून कानातल्या यंत्राची टिकली बाहेर डोकावत होती.

त्या क्षणी रावांच्या चेहऱ्यावर काय काय आलं ते मी सांगू शकत नाही. सगळ्यात शेवटी आलं ते हसू. ते खुणेवरून उतरले. चालत कडेला गेले, निवेदकासाठी ठेवलेली ती नवी, चाकांची, खालीवर होणारी खुर्ची ओढत आणली. आणि एक शब्द न बोलता तिच्यावर साहेब होऊन बसले.

खुर्ची खाली गेली. साहेबांनी दांडी दाबली. आणखी खाली. नाक समोरच्या अदृश्य टेबलाच्या उंचीला आलं तरी साहेब सही करायच्या ऐटीत.

काचेपलीकडे हलकल्लोळ. ध्वनीवाल्यासमोरचा काटा आडवा पडला होता. "आवाज गेला! मायक्रोफोन मेला!" कुणीतरी सवयीनं बटण दाबलं, आणि घरोघरी जाणाऱ्या मोठ्या चौकोनात रावांच्या जागी नवीकोरी, रंगीत फुलदाणी आली. व्यत्ययाबद्दल क्षमस्व.

"काढा ती!" वहिनी खुर्चीवरून उठलीच. "आवाज गेला नाही! ते गप्प आहेत! घरी असेच असतात ते!"

"काकू, लोकांना वाटेल..."

"अहो, मी सगळा संसार हेच बघत आलेय! जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना! काढा म्हणते ना!"

निर्मातीबाईंनी दोन नंबरच्या छोट्या चौकोनाकडे पाहिलं. त्यात साहेब आता वर चालले होते, वर, आणखी वर, आणि खाली उतरण्यासाठी शिपायाला हाका मारत होते, ओठ मिटून. आणि चौकोनाची कड थरथरत होती. आधी जरा. मग जास्त. मग साहेब, खुर्ची, पांढरी भिंत, सगळं गदागदा.

बाईंनी फुलदाणी काढली. अख्ख्या मुलखानं ते हलतं चित्र पाहिलं. खांब दोन्ही हातांनी दांडा आवळून उभा होता, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हेडफोनमध्ये कुणीही त्याला स्थिर राहा म्हणत नव्हतं. खालच्या मजल्यावर फोन वाजू लागले. राव उरलेला सगळा वेळ एक अक्षर बोलले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर कॅन्टीनमध्ये राव आपल्या जुन्या सवयीनं एका टोकाला बसले. मग उठले, स्वतःचा कप उचलला आणि पलीकडच्या टोकाला खांबासमोर जाऊन बसले. आम्ही दोघी मागोमाग. खांबानं यंत्र कानात घातलं.

"आता चहाला हरकत नाही," राव म्हणाले. "पण एक सांगा. आज तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून मला तोंड मिटावं लागलं. पूर्वी बरं होतं. पूर्वीचं तुम्हाला सगळ्यात काय आवडायचं? तीन साहेबांची ती गोष्ट?"

"कुठली गोष्ट?" खांबानं विचारलं.

"खुर्चीची! पहिल्या दिवसाची! गादी नेली, हात नेले..."

खांब अवघडला. "त्याचं असं आहे," तो म्हणाला, "हेडफोन तेव्हाही होते ना. साहेब त्यातून सारखे ओरडायचे. तुमचं मला कधीच ऐकू आलं नाही. मी आपला बघायचो." आणि माफी मागितल्यासारखं त्यानं विचारलं, "एवढी वर्षं तुम्ही बोलत काय होता हो?"

वहिनी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. या माणसानं सगळी हयात शब्दांवर घालवली होती. रात्रंदिवस वाक्यं घासूनपुसून लख्ख केली होती, या एका माणसासाठी. राव कप हातात धरून खांबाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार.

मग कपातला चहा हलू लागला. आधी जरा. मग बशीत सांडला, मग टेबलावर.